पेरू : २८ जुलैच्या सुट्टीत उरुबाम्बा खोरं
एकाने विचारलंय की २८-२९ जुलैला कुस्को शहरातून उरुबाम्बा खोऱ्यातल्या पिसाक आणि ओयान्तायताम्बो या गावांना आयत्या वेळी गाडी मिळेल का. मिळेल, पण सकाळी सातच्या आत निघा. या दोन दिवसांत पेरूच्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी असते आणि लिमाची मंडळीही इकडेच येतात.

कुस्कोतून ओयान्तायताम्बोच्या गाड्या पावितोस रस्त्यावरून, पिसाकच्या पुपुती रस्त्यावरून सुटतात. कोलेक्तिवो म्हणजे आपलं वडापच : भरली की निघते. खरी अडचण परतीला येते. मधल्या गावांत गाड्या भरूनच येतात, त्यामुळे संध्याकाळी रस्त्यावर हात दाखवत उभं राहण्यापेक्षा जिथून गाडी सुटते तिथेच जाऊन बसा. त्याहून बरं, मुक्कामच खोऱ्यात करा. कुस्को ३४०० मीटरवर आहे, ओयान्तायताम्बो साधारण २८०० वर; उंची कमी असल्याने पहिल्या रात्री डोकं कमी दुखतं.

रोख सोल (पेरूचं चलन) आधीच काढा, तेही सुट्टे. बँका बंद असतात आणि किंचित फाटलेली नोटही दुकानदार परत करतात. खोऱ्याजवळच्या मारास गावच्या मिठागरांचं तिकीट वेगळं, ते अनेक ठिकाणांसाठी मिळून असलेल्या पर्यटन-पासात धरलेलं नाही.

घराघरांवर लाल-पांढरे झेंडे दिसतील. पण एखाद्या दारावर लांब काठीला नुसती लाल पिशवी बांधलेली असेल, तर तिथे ताजी चिचा, म्हणजे मका आंबवून केलेलं पेय, मिळते. आंबूस असते, थोडी चढतेही. उंचीवर पहिल्या दिवशी अर्ध्या पेल्यावरच थांबा. जुलैत ऊन कडक असलं तरी रात्री पारा शून्याजवळ जातो, स्वेटर हवाच.