बुटांच्या कपाटातला सर्व्हर आणि हातातला फोन: एवढा खटाटोप कशाला?

खाडीकाठचा (धागाकर्ता)

परवा मेव्हणा जेवायला आला होता. चपला ठेवायला दाराजवळचं कपाट उघडलं, वरच्या फळीवर दिवा लुकलुकताना दिसला. "हे काय रे?" सांगितलं: घरचा सर्व्हर, म्हणजे घरच्यांच्या फोनना गाणी-व्हिडिओ पुरवणारा, सतत चालू असलेला कॉम्प्युटर. हसला. "फोनवर गाणी ऐकायला घरात सर्व्हर? यूट्यूब बंद पडलं की काय?" वाद एवढा रंगला की आमटी दोनदा गरम करावी लागली. म्हणून इथे विचारतोय.

तर मांडणी अशी. जुना लॅपटॉप, दोन वर्षं अखंड चालू. स्क्रीन फुटलीय, टचपॅड हल्ली दाबलाच जात नाही म्हणून माऊस लावलाय, बाकी ठणठणीत. त्याला ४ टीबीची हार्ड डिस्क आणि त्यावर जेलीफिन, म्हणजे डिस्कवरची गाणी-व्हिडिओ फोनवर पाठवणारं सॉफ्टवेअर. फोनवर त्याचंच ॲप, गाण्यांसाठी फिनॅम्प.

त्यात आहे काय? बाबांच्या १४० कॅसेट, बहुतेक नव्वद मिनिटांच्या. आकाशवाणीवरची नाट्यगीतं, सोसायटीच्या गणपतीतलं बाबांचं पेटीवादन, आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या. आजी १९९८ ला गेली, आवाज तेवढाच उरलाय. शिवाय माझी मुंज आणि बहिणीचं लग्न, व्हीएचएसवरून उतरवलेलं. बाबा (वय ८१) सकाळी चहाबरोबर ओव्या लावतात, मी ठाणे-वाशी लोकलमध्ये पेटी ऐकतो, बहीण पुण्याहून बघते.

माझं म्हणणं: ज्याच्याकडे असा घरचा ऐवज आहे त्याने घरी सर्व्हर ठेवावाच. खोडून काढा.

पाचपाखाडीकर

खोडतो. १४० कॅसेट गुणिले दीड तास म्हणजे २१० तास. १२८ केबीपीएसची एमपी३ तासाला साधारण ५८ एमबी खाते. म्हणजे बाबांची अख्खी हयात १२ जीबीत बसली! ३२ जीबीचं मेमरी कार्ड बाबांच्या फोनात घाला, निम्म्याहून जास्त रिकामं राहील. ना वायफाय, ना सर्व्हर, ना दिवा.

आणि उरलेल्या ३ टीबी ९८८ जीबीत काय आहे ते मी विचारत नाही.

खाडीकाठचा

विचारू नकाच. :)

कार्डाचा प्रयोग केला होता, काका. बाबांच्या नव्या फोनला कार्डाची खाच नाही, आईच्या फोनला आहे, बहिणीच्याला नाही. तीन ठिकाणी तीन प्रती झाल्या. मग बाबा म्हणाले, "या कॅसेटवर राग चुकीचा लिहिलाय, भीमपलास नाही, धानी आहे." मी एका ठिकाणी दुरुस्त केलं, दोन ठिकाणी राहिलं. आता चूक सर्व्हरवर एकदा सुधारतो, सगळ्यांच्या फोनवर सुधारलेली दिसते. बाबांनी आजवर साठेक नावं बदलायला लावलीत. मेमरी कार्डावर हे करून दाखवा.

ऐरोली_सेक्टर_आठ

ओव्यांचं ठीक. पण सरसकट "ठेवावाच" म्हणालात तिथे आपलं जमत नाही. मी दिवसभर आयटी पार्कात दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळतो. घरी येऊन तेच? महिन्याचे पैसे भरतो, फोन उघडतो, सिनेमा लागतो. अडकला तर त्यांची डोकेदुखी. तुमचा अडकला तर बायको तुम्हाला ऑफिसात फोन करते की नाही, खरं सांगा.

पोर्ट_बंद_ठेवा

पैसे भरलेत म्हणजे माल तुमचा झाला, या भ्रमात राहू नका. परवाना संपला की सिनेमा तुमच्या यादीतून गुपचूप जातो. गूगल फोटोजचं आठवतंय ना? अमर्याद फुकट म्हणत होते, १ जून २०२१ पासून नव्याने चढवलेलं सगळं १५ जीबीत मोजायला लागले.

अर्थात 'स्वतःचा सर्व्हर' म्हणणाऱ्यांनीही कॉलर ताठ करायला नको. प्लेक्सवाले आठवा, जेलीफिनसारखंच सॉफ्टवेअर. मशीन तुमचं, डिस्क तुमची, वीजही तुमची, तरी एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून स्वतःचाच व्हिडिओ बघायला पैसे लागतात. जेलीफिन त्यातून सुटलं, कारण त्याचा जन्मच अशा भांडणातून झालाय. २०१८ च्या डिसेंबरात एम्बी नावाच्या अशाच सॉफ्टवेअरने आपला सगळ्यांना खुला असलेला कोड बंद केला, तेव्हा काही जणांनी जुना खुला कोड घेऊन वेगळी चूल मांडली.

जुनी_टेप

सर्व्हरला माझी हरकत नाही, तुम्ही त्यात काय भरता याला आहे. व्हीएचएस दुकानातून उतरवून आणलंत ना? ते बहुतेकदा डीव्हीडीवर देतात, म्हणजे एमपीईजी-२, व्हिडिओ दाबून साठवायची जुनी पद्धत. बहुतेक फोनना ते स्वतःच्या चिपवर उलगडता येत नाही. मग तुमचा सर्व्हर ते दर वेळी, बघता बघता, एच.२६४ या फोनना चालणाऱ्या पद्धतीत बदलून पाठवतो. जुना लॅपटॉप असेल तर पंखा मिक्सरसारखा वाजतो आणि फोनवर चक्र फिरत राहतं. लोक वायफायला शिव्या घालतात, बिचाऱ्याचा काही दोष नसतो. एवढीशी फाइल, ती कशाला अडकेल!

माझ्या घरी भावाच्या साखरपुड्याची टेप होती. फोनवर लावली की काकू मान वळवायची आणि तिच्या गालाला कंगव्याचे दात फुटायचे. जुना टीव्ही आधी विषम रेघा दाखवायचा, मग सम, त्या फोनवर एकत्र येतात तेव्हा असं होतं. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्राममध्ये डीइंटरलेस करून, म्हणजे त्या रेघा नीट जुळवून, एकदाच एच.२६४ मध्ये बदललं. काकूचे गाल गुळगुळीत झाले, पंखाही गप्प. आता तीच फाइल फोन थेट उघडतो, सर्व्हरला फक्त उचलून द्यायचं काम.

मूळ डीव्हीडी मात्र फेकू नका. बदललेली प्रत ही बदललेलीच.

खाडीकाठचा

ताई, अगदी! मुंजीत मामाच्या खांद्यावर मी बसलोय तिथे तस्संच व्हायचं. मला टेपच खराब झालीय असं वाटत होतं. आज रात्री बसतो.

कोपरीचा_बंड्या

पुण्याहून बघायला पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, उघडलाय का राउटरवर? मी उघडून बघितला, बाहेरून काही लागतच नाही. केबलवाल्याला फोन केला तर म्हणाला स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) घ्या, महिन्याला वेगळे पैसे.

पोर्ट_बंद_ठेवा

राउटरच्या सेटिंगच्या पानावर डब्ल्यूएएन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघ. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत काही दिसलं की समजायचं, तुझ्या घराला रस्त्यावर स्वतःचं दार नाही, सगळ्या सोसायटीला मिळून एक गेट आहे. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते अपुरे पडतात म्हणून कंपन्या असं करतात. गेटवर येऊन कोणी "बंड्या कुठे राहतो" विचारलं तर वॉचमनला माहीत नसतं.

आणि बरंच झालं. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट हे फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारं व्हायरस आलं तेव्हा इंटरनेटला उघडे ठेवलेले क्यूनॅप कंपनीचे घरगुती स्टोरेज डबे पटापट कुलूपबंद झाले. किल्लीसाठी ०.०३ बिटकॉइन मागत होते. घरच्या फोटोंसाठी!

टेलस्केल टाक, तुझ्याच उपकरणांना एकमेकांशी खाजगीपणे जोडणारं ॲप. वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीवर चालतं. फोन आणि सर्व्हर दोघंही आतून बाहेर हाक मारतात आणि मध्ये भेटतात, गेट उघडावं लागत नाही.

ऐरोली_सेक्टर_आठ

बघा, "आजीच्या ओव्या" म्हणून सुरू झालं आणि दहा प्रतिसादांत वायरगार्ड. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध करताय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सीवूड्सची_सून

इतका वेळ नुसतं वाचत होते. लिहू की नको असं चाललं होतं.

आमच्याकडे हे सगळं होतं. सासऱ्यांना भारी हौस. निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून त्यांनी घरातले सगळे फोटो, सगळ्या कॅसेट चढवल्या होत्या. आमच्या प्रत्येकाच्या फोनवर ॲप टाकून दिलं होतं. जेवताना म्हणायचे, "लाव गं तो गोव्याचा व्हिडिओ," आणि लागायचा. आम्हाला वाटायचं, फोनमध्येच आहे सगळं.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. तेराव्यानंतर आठवड्याभराने वीज गेली, आली, आणि ॲप उघडलं तर "सर्व्हर सापडत नाही". मशीन चालू केलं तर ते पासवर्ड मागतंय. डिस्कला त्यांनी कुलूप घातलं होतं, सुरक्षित राहावं म्हणून. नवऱ्याने त्यांच्या वह्या, डायऱ्या, पेन्शनची फाइल, सगळं चाळलं. वाशीच्या एका दुकानात दाखवलं, तो म्हणाला डिस्क उत्तम आहे, एक सेक्टरही खराब नाही. उघडत नाही एवढंच.

सासूबाई अजून अधूनमधून ॲप उघडून बघतात.

पाचपाखाडीकरांचं ३२ जीबीचं कार्ड कितीही बावळट वाटलं तरी ते कोणालाही उघडलं असतं. तुमच्या घरी हा दिवा बंद पडला तर तो लावणारं दुसरं कोण आहे, ते आधी सांगा. मग "ठेवावाच" म्हणा.

पाचपाखाडीकर

वहिनी, मी हसण्यावारी लिहिलं होतं. हे डोक्यात नव्हतं.

खाडीकाठचा

ताई, खरं सांगायचं तर दुसरं कोणी नाही. बायकोला दिवा माहीत आहे, तो कसला ते नाही. तुमचं वाचून पोटात गोळा आला.

"ठेवावाच" मागे घेतो. सर्व्हर काढणार नाही, पण आजच कागद लिहायला घेतलाय: मशीन कसं चालू करायचं, पासवर्ड कोणता, डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला कशी लावायची. माझ्या डिस्कला कुलूप नाही. चोर आलाच तर ऐकू दे ओव्या. आणि काका, तुमचं कार्डही घेतो. सगळ्या कॅसेटची एक प्रत आईच्या फोनात, एक बहिणीकडे पेनड्राइव्हवर.

पण घरात जे कोणी हौशी आहे त्याने हौस करायचीच नाही, हे मला मान्य नाही. सासऱ्यांनी केलं नसतं तर त्या कॅसेट माळ्यावर बुरशी धरून गेल्या असत्या. हेही खरं ना?

सीवूड्सची_सून

खरं आहे. मूळ कॅसेट त्यांनी चढवून झाल्यावर भंगारात दिल्या होत्या, हेही खरं आहे.

कोपरीचा_बंड्या

विजेचं कोणीच बोललं नाही. किती युनिट जातात?

खाडीकाठचा

लॅपटॉप आणि डिस्क मिळून सरासरी १५ वॉट. चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे १०.८ युनिट. जुना डेस्कटॉप ७० वॉटने चालवलात तर पन्नासच्या घरात जाल, आणि महावितरणच्या बिलात महिन्याला १०० युनिटच्या वर गेलात की पुढच्या युनिटांचा दर चढतो. लॅपटॉपचा आणखी एक फायदा, वीज गेली तर बॅटरीवर तग धरतो.

जुनी_टेप

थांबा जरा. मगाशी वाचलं तेव्हाच खटकलं होतं, काकूच्या गालात विसरले. दोन वर्षं सतत चार्जरला लावलेला लॅपटॉप, बंद लाकडी कपाटात, आणि "टचपॅड हल्ली दाबलाच जात नाही". टचपॅडच्या खाली बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी असते. ती फुगली की पहिलं लक्षण हेच. गेल्या महिनाभरात वीज गेली होती तेव्हा खरंच तग धरला का त्याने?

खाडीकाठचा

गेल्या शुक्रवारी बंद पडला होता. मला वाटलं वायर सैल झाली.

आत्ता कपाट उघडून बघितलं. टेबलावर ठेवला तर डुलतोय, खालचं झाकण मधोमध वर आलंय. चार्जर काढून बंद केलाय, गॅलरीत लाद्यांवर ठेवलाय. डिस्क सोडवून आत आणली. बाबा विचारतायत, उद्या सकाळी ओव्या लागतील ना?

पाचपाखाडीकर

बॅटरीला टाचणीसुद्धा लावू नका, दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या. मी नौपाड्यातच आहे. घरी कोरं कार्ड पडलंय, अर्ध्या तासात आणून देतो. डिस्क कुठल्या कॉम्प्युटरला लावता येईल तेवढं बघून ठेवा.