व्हिडिओ एडिटर मध्येच बंद पडतो तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

एडिटिंगचं सॉफ्टवेअर सारखं क्रॅश होतं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला : काढून टाका आणि पुन्हा इन्स्टॉल करा. कधी कधी तेवढ्यावर भागतंही. पण अर्धा प्रोजेक्ट झालाय, समोरचा फाइलची वाट बघतोय, अशा वेळी हा सल्ला फार तोकडा पडतो. आधी बघायचं ते हे, की ते बंद कधी पडतं. उघडतानाच? टाइमलाइनवर दर वेळी त्याच जागी? की एक्स्पोर्ट करताना आज तिसाव्या टक्क्याला आणि उद्या ऐंशीव्या? या तिन्हींची कारणं सहसा वेगळी निघतात. म्हणून विनंती, नुसता उपाय लिहू नका. लक्षण काय होतं आणि कारण कसं सापडलं, तेही लिहा.

सुरुवात मी करते. माझं एक्स्पोर्टच्या वेळी बंद पडायचं, तेही दर वेळी वेगळ्या फ्रेमवर. क्लिप किंवा इफेक्ट खराब असता तर जागा बहुधा तीच राहिली असती. जागा बदलते म्हटल्यावर मी हार्डवेअरकडे वळले. तापमान ठीक होतं. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं साधन रात्रभर चालवलं आणि सकाळी स्क्रीनवर लाल ओळी होत्या. रॅम बायोसमधल्या एक्सएमपी प्रोफाइलवर, म्हणजे मूळ ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालत होती. ते प्रोफाइल बंद केलं, चाचणी पुन्हा घेतली, एकही चूक आली नाही. त्यानंतर एक्स्पोर्ट अडलेलं नाही. एरवी संगणक अगदी सुरळीत चालायचा, म्हणून रॅमवर संशय घ्यायला एवढा वेळ गेला.

*

चांगला धागा. माझं काम स्क्रीन रेकॉर्डिंग आणि फोनवरच्या चित्रीकरणाचं. लक्षण : आधी आवाज आणि चित्र यांचा मेळ सुटायचा, मग कट मारता मारता सगळं गोठायचं. फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये फाइल उघडली तर फ्रेम रेट मोडपुढे ‘व्हेरिएबल’ लिहिलेलं. फोन प्रकाश आणि लोड बघून फ्रेमचा वेग कमीजास्त करत राहतो, काही एडिटरना ते झेपत नाही. आता प्रत्येक क्लिप आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅममधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ (ठरावीक वेगाची) करून घेते, मगच टाइमलाइनवर टाकते. वेळ जातो, पण पुढची कटकट वाचते.

*

माझ्याकडे नवा कॅमेरा आल्यापासून त्रास सुरू झाला. त्याच संगणकावर जुन्या कॅमेऱ्याचे फुटेज मात्र छान चालायचे. नवा कॅमेरा एच.२६५ या कॉम्प्रेशनमध्ये, १० बिट ४:२:२ (म्हणजे रंगाची जास्त माहिती असलेली) अशी फाइल देतो. अनेक ग्राफिक्स कार्डांना हा प्रकार हार्डवेअरवर उलगडता येत नाही, मग सगळा भार प्रोसेसरवर. त्यातून या फाइलीत बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात, आजूबाजूच्या फ्रेमवरून बांधाव्या लागतात. टाइमलाइनवर मागेपुढे सरकताना जीव जातो तो तिथे. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगला सोप्या फॉरमॅटमध्ये प्रॉक्सी (मूळ फाइलीऐवजी कामापुरत्या वापरायच्या प्रती) बनवल्या, त्या जागा जास्त खातात, पण एडिटिंग हलके झाले. सेटिंग्जमध्ये हार्डवेअर डिकोडिंग बंद करून बघा. क्रॅश थांबला तर दिशा सापडली.

*

टायटल टूल उघडलं की बंद, बाकी सगळं ठीक. एक फॉन्ट खराब होता. नवे टाकलेले फॉन्ट काढले आणि एकेक करून परत टाकले, त्यात सापडला.

*

विंडोजवाल्यांना कळकळीने सांगतो, इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडायला शिका. ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘ॲप्लिकेशन’. क्रॅशच्या वेळेला लाल खुणेची, इव्हेंट आयडी १००० असलेली नोंद दिसते. तिच्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’ वाचा. ग्राफिक्स ड्रायव्हरची फाइल असेल तर ड्रायव्हर बदला. नवाच हवा असं नाही, काही वेळा आधीची आवृत्ती जास्त स्थिर असते. माझ्याकडे आवाजातली खरखर काढणाऱ्या एका जुन्या प्लगइनचं नाव यायचं. मी ते प्रोजेक्टमध्ये वापरलंही नव्हतं, पण एडिटर सुरू होताना सगळी प्लगइन तपासतो आणि तिथेच कोलमडायचा. फोल्डर बाजूला हलवलं आणि प्रश्न सुटला. मात्र तिथे एनटीडीएलएल असं नाव आलं तर घाईने निष्कर्ष काढू नका. ती विंडोजची स्वतःची फाइल आहे, दुसऱ्याच कुणाच्या घोळामुळेही तिचं नाव येतं.

*

वरच्या प्रतिसादाला जोडून : मॅकवर ‘कन्सोल’ ॲपमध्ये ‘क्रॅश रिपोर्ट्स’ बघा. ‘क्रॅश्ड’ लिहिलेल्या थ्रेडखाली प्लगइनचं नाव बरेचदा दिसतं.

*

रॅम भरपूर शिल्लक, तरी मेमरी संपल्याचा संदेश आणि मग बंद. कुणीतरी ‘वेग वाढतो’ म्हणून सांगितल्यामुळे या संगणकात पेज फाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती फाइल) बंद केलेली होती. प्रत्यक्ष रॅम रिकामी असली तरी विंडोज प्रोग्रॅमना मेमरीचं आश्वासन देते ते रॅम अधिक पेज फाइल एवढंच. पेज फाइल पुन्हा ‘सिस्टम मॅनेज्ड’ केली. सी ड्राइव्हवर साचलेला मीडिया कॅशेही (एडिटरच्या तात्पुरत्या फाइली) पुसला आणि त्याची जागा दुसऱ्या ड्राइव्हवर दिली.

*

नॉइज रिडक्शन लावलं की स्क्रीन क्षणभर काळी, मग एडिटर गायब. ग्राफिक्स कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर रीसेट करते, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ ही नोंद त्याचीच. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जमध्ये) ही मुदत वाढवा असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही, कारण कार्डाची मेमरी अपुरी पडत असेल तर ती तशीच अपुरी राहते. मी टाइमलाइन ४केवरून १०८०पीवर आणली, नॉइज रिडक्शन केलेल्या क्लिप आधीच वेगळ्या रेंडर करून घेतल्या आणि शेवटी पुन्हा ४के केलं. कार्ड न बदलता काम पूर्ण झालं.

*

प्रोजेक्टच उघडत नसेल तर? माझा अनुभव असा : मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत काढली. नवा रिकामा प्रोजेक्ट उघडला आणि जुना त्यात इम्पोर्ट केला. तो आला. मग टाइमलाइनचा अर्धा भाग नव्या सीक्वेन्समध्ये नेला, चालला. उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा अर्धा. असं करत एका क्लिपवरच्या बिघडलेल्या स्टॅबिलायझेशनपर्यंत पोचलो. तो इफेक्ट काढून नव्याने लावला.

*

धागा सुरू करणारी : या अर्ध्या-अर्ध्याच्या रीतीबद्दल खूप आभार. इम्पोर्टही होत नसेल तर ऑटोसेव्हच्या फोल्डरमधली थोडी जुनी प्रत घेऊन हेच करून बघा. आणि ऑटोसेव्ह प्रोजेक्टपेक्षा वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा. ब्लूटूथ हेडफोन जोडताच एडिटर बंद पडतो, असं अजून कुणाचं होतं का? माझ्या ओळखीत एकीचं होतंय. ऑडिओ आउटपुट संगणकाच्या स्पीकरवर पक्कं केलं की थांबतं, पण तिला हेडफोनवरच काम करायचंय. कुणाला मार्ग सापडला असेल तर लिहा.