फुप्फुसातले डायाटम पुरेसे नाहीत

पाण्यात मिळालेल्या मृतदेहाच्या फुप्फुसात डायाटम (पाण्यातली सूक्ष्म शैवालं) सापडले म्हणजे बुडूनच मृत्यू, असं म्हटलं जातं; ते मला पटत नाही. मृतदेह पाण्यात टाकला तरी पाणी झिरपत फुप्फुसात शिरतं, आणि त्याबरोबर ही शैवालंही. खरी साक्ष मांडीच्या हाडातल्या मज्जेत मिळते. जिवंत माणसाने पाणी श्वासात ओढलं की फुप्फुसातले बारीक पडदे फाटतात, डायाटम रक्तात उतरतात आणि धडधडतं हृदय त्यांना मज्जेपर्यंत पोचवतं. हृदय थांबलेलं असेल तर तिथवर नेणारं कोणी नाही.

प्रयोगशाळेत मज्जा तीव्र नायट्रिक आम्लात तापवतात. मांस, चरबी सगळं विरघळतं. डायाटमचं कवच सिलिकाचं, म्हणजे जवळपास काचच, ते टिकतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरच्या नक्षीदार रेघा मोजून जात ओळखतात आणि घटनास्थळच्या पाण्याशी ताडून पाहतात. त्यासाठी ते पाणी लगेच घ्यायला हवं, कारण ऋतूगणिक जाती बदलतात. हे राहून गेलं की फार वाईट वाटतं, तो नमुना पुन्हा मिळत नाही.

आणि मज्जेत काहीच सापडलं नाही, तरी बुडणं नाकारता येत नाही. पाण्यातच डायाटम विरळ असू शकतात.