लहान साइझ मागण्याआधी

खुब्याचा सांधा बदलताना ‘परदेशी सांधा आपल्या हाडाला मोठा पडतो, लहान साइझ मागून घ्या’ असा सल्ला देतात, तो अर्धाच पटला. कमरेच्या हाडात बसवायच्या वाटीचे साइझ सहसा २-२ मिमीने वाढतात, माप बहुधा सापडतं. शिवाय वाटी लहान म्हणजे आत बसणारा गोळाही लहान, आणि लहान गोळा निसटायचा धोका जास्त. खरी गोम मांडीच्या हाडातल्या पोकळीत. कुणाची नरसाळ्यासारखी निमुळती, तर हाड विरळ झालेल्या म्हाताऱ्या माणसांची सरळसोट रुंद. तिथे बरेच सर्जन हाडाच्या सिमेंटने पोकळीत बसवायचा, गोळा धरणारा दांडा पसंत करतात.

सासूबाईंच्या एक्स-रेला मांडीशेजारी धातूची गोळी ठेवली होती. एक्स-रेत हाड मोठं दिसतं. किती मोठं, ते माप ठाऊक असलेल्या त्या गोळीवरून काढून दांड्याचा अंदाज बांधतात. अंतिम माप मात्र ऑपरेशन टेबलावरच, ट्रायल म्हणजे तात्पुरता नमुना बसवून.