'कानोन मिनेरो'ला मराठीत काय म्हणावं?

पेरूमधल्या खाणींवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात 'कानोन मिनेरो' हा शब्द वारंवार येतो. मी 'खाणींचं स्वामित्वधन' (रॉयल्टी) असं लिहिलंय. चालेल ना?

— नाही चालणार, कृपया बदलाच. स्वामित्वधन तिथे वेगळं आहे, त्याला 'रेगालिया' म्हणतात. ते २००४च्या कायद्याने आलं आणि खनिज काढल्याबद्दल कंपनी भरते. कानोनपायी मात्र कंपनीच्या खिशातून जादा काहीच जात नाही. तिने भरलेल्या आयकरातला निम्मा पैसा केंद्र सरकार खाणीच्या मुलखाला देतं. त्यातले १० टक्के खाण ज्या हद्दीत आहे तिथल्या पालिकांना, २५ त्या प्रांतातल्या पालिकांना, ४० अख्ख्या विभागातल्या पालिकांना आणि २५ प्रादेशिक सरकारला. प्रादेशिक सरकारने आपल्यातला पाचवा हिस्सा सरकारी विद्यापीठांना द्यायचा. म्हणूनच तांब्याचा भाव पडून नफा आटला, की खाण धडधडत असली तरी पालिकेची तिजोरी रिकामी पडते. 'स्वामित्वधन' लिहिलंत तर वाचकाला हे कळणारच नाही.

— मग 'अनुदान'?

— तेही नको. अनुदानात देणाऱ्याची मर्जी आली. इथे संविधानाच्या ७७व्या कलमाने दिलेला हक्क आहे. २००८च्या जूनमध्ये दक्षिण पेरूतल्या मोकेग्वा विभागाच्या लोकांनी मोन्ताल्वो पूल अडवून धरला, तो याच हक्कासाठी. एकाच कंपनीच्या खाणी मोकेग्वात आणि शेजारच्या ताक्नात. वाटणी मात्र तांब्यावर न होता उपसलेल्या मातीदगडावर व्हायची, त्यामुळे ताक्नाचं पारडं जड. सरळ भाऊबंदकीच ही! मला 'वाटा' हाच शब्द योग्य वाटतो.

— थोडी भर घालतो. स्पॅनिश 'कानोन' मूळ ग्रीक, अर्थ 'नियम'. त्याच ग्रीक शब्दाचा अरबीत 'कानून' झाला आणि फारसीमार्गे आपल्याकडे आला. जुन्या इनामपत्रांत 'कुलबाब कुलकानू' असं हमखास येतं, म्हणजे गावावरच्या सगळ्या बाबी, सगळी देणी; त्यातला 'कानू' हा 'कानून'च. नियमाचा शब्द तिथेही महसुलात शिरला, इथेही. फार आवडलं मला हे. तरी आज नुसतं 'कानू' लिहिलं तर कुणाला कळायचं नाही.

— 'खाणकराचा वाटा' लिहू?

— 'खाणकर' म्हटलं की खाणीवर बसवलेला वेगळा कर वाटतो. पहिल्यांदा 'खाण कंपन्यांच्या आयकरातला वाटा' असं पूर्ण लिहा, पुढे 'खाणवाटा' पुरेल.