रिडेव्हलपमेंटच्या करारात धुळीचं कलम घालता येतं का? (टिळकनगर, चेंबूर)

गॅलरीवाली:
आमची म्हाडाची चार मजली बिल्डिंग, वय साठीच्या पुढे. रिडेव्हलपमेंटला माझा होकारच आहे, पावसाळ्यात गळक्या स्लॅबखाली बादली लावून झोपलेय मी.

पण गेलं दीड वर्ष समोरची बिल्डिंग पाडून नवी उभी राहतेय. तुळशीचं पान पुसलं की बोट सिमेंटच्या रंगाचं. यंदा लोणच्याच्या कैऱ्या घरात पंख्याखाली वाळवल्या. सासऱ्यांचा नेब्युलायझर दिवाळीनंतर कपाटात गेलाच नाही. तक्रार केली की दोन दिवस पाणी मारतात, तिसऱ्या दिवशी पुन्हा धुरळा.

आणि पुढच्या वर्षी हाच धुरळा आम्ही उडवणार. कार्पेट एरिया, कॉर्पस (बिल्डर सोसायटीला देतो तो निधी), भाडं, पार्किंग यावर तीन मीटिंगा झाल्या, धुळीवर अक्षर नाही. करारात कुणी काही लिहून घेतलंय का?

साइटवाला:
ताई, वीस वर्षं सुपरवायझर आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. नियम आहेत. महापालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये काढले. एक एकराच्या आतल्या प्लॉटला भोवती 25 फूट उंच पत्रे, त्यावरच्याला 35. बिल्डिंगला हिरवं कापड किंवा ताडपत्री, पाडताना सतत पाणी, डंपर झाकलेला, बाहेर पडताना चाकं धुतलेली.

पत्रे सगळे लावतात, कारण ते रस्त्यावरून दिसतात. मार खातं पाणी आणि चाकं. टँकरचा खर्च वाचवायचा म्हणून पाणी सकाळी एकदाच. चाकं धुवायचा खड्डा पहिल्या महिन्यात चिखलाने भरतो, मग डंपर बाजूने काढतात. रात्री अकरानंतर गेटवर उभ्या राहा, डांबरावर चाकांचे पांढरे पट्टे दिसतील.

कलम घालायचं तर घरं रिकामी करण्याआधी. चावी दिली की सोसायटीची पकड गेली.

माहुलकडचा:
धुळीचं काय घेऊन बसलात! आमच्याकडे रिफायनरीचा वास येतो तेव्हा खिडकी लावून पण उपयोग नसतो. बांधकामं थांबवून पोटं कशी भरणार? डिसेंबर 2024 च्या शेवटी हवा खराब झाली म्हणून महापालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्वेला सगळी कामं बंद केली होती. बिगारी नाक्यावर बसून राहिले, त्यांचा रोज कुणी दिला?

साइटवाला:
बंद करा कोण म्हणतंय? पाणी वेळेवर मारलं असतं तर बंदीची वेळ आली नसती. बिगारी तर दिवसभर त्याच धुळीत असतो, तोंडाला फक्त गमछा.

वारा_बघणारा:
दिवाळीनंतर त्रास वाढतो त्याला कारण आहे. एरवी समुद्रावरचा वारा मुंबईची घाण ढकलून देतो. हिवाळ्यात तो मंदावतो, उशिरा सुटतो, आणि सकाळी जमिनीलगतच्या गार हवेवर वरची उबदार हवा झाकणासारखी बसते. म्हणून पाडकाम जून ते सप्टेंबरमध्ये उरकता आलं तर बघा, निम्मं पाणी फुकट पडतं. आणखी एक, पीएम 10 ची, म्हणजे हवेतल्या बारीक धुळीची, चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटर हवेत 100 मायक्रोग्रॅम आहे. गेटवर मीटर लावून आकडा बाहेर दिसेल असा बोर्ड मागा.

गॅलरीवाली:
चावीचं पटलं. पण पकड असेपर्यंत आम्हाला धुळीची फिकीर नसते आणि धूळ उडते तेव्हा आम्ही भाड्याने कळव्याला. खोकतात शेजारचे, त्यांची करारावर सहीच नाही. समोरचेही असेच पांगले होते. मी दीड वर्ष बिल्डरला शिव्या घातल्या, त्यांच्या कमिटीला एकदाही विचारलं नाही.

म्हणून कलम असं लिहिलंय: पाडकाम पावसाळ्यात, पाणी दिवसातून चारदा, मीटरचा बोर्ड गेटबाहेर, राडारोडा कुठे टाकला त्याची पावती दर आठवड्याला, आणि लागून असलेल्या दोन बिल्डिंगांचा एकेक माणूस तपासणीला. चुकलं तर बिल्डरने सोसायटीला दिलेल्या बँक गॅरंटीतून कापायचं.

सेक्रेटरींना वाचून दाखवलं. म्हणाले, "वहिनी, आधी पार्किंगचं मिटू द्या." रविवारच्या अजेंड्यावर नववा मुद्दा म्हणून घेतलाय, चहाच्या नंतर. चहानंतर आमच्याकडे कोणी थांबत नाही, म्हणून चहा मीच उशिरा आणणार आहे.