मदत हवी आहे: ऐकणाऱ्याचा अर्धवट विश्वास लॉजिकमध्ये कसा मांडायचा?

नमस्कार मंडळी. बोलता बोलता ऐकणाऱ्याची समजूत कशी बदलते, हे लॉजिकमध्ये मांडतोय आणि एका ठिकाणी घोडं अडलंय.

तर्कशास्त्रज्ञ यान प्लाझा यांचं १९८९ चं जाहीर घोषणांचं लॉजिक समजलं: जग कसं कसं असू शकेल त्या सगळ्या शक्यता मांडायच्या, आणि विधान ऐकलं की ते जिथे खोटं ठरतं त्या शक्यता खोडायच्या. चिखलाच्या कोड्यात हे फार सुंदर चालतं. दोन मुलांच्या कपाळाला चिखल, प्रत्येकाला दुसऱ्याचा दिसतोय, स्वतःचा नाही. वडील म्हणतात, "निदान एकाला तरी चिखल लागलाय." दोघांनाही हे आधीच माहीत होतं! पण आता समोरच्यालाही ते माहीत आहे हे कळतं. मग वडील विचारतात, "तुझ्या कपाळाला चिखल आहे का?" पहिल्या विचारणीला दोघेही गप्प, आणि त्या गप्प राहण्यावरूनच दुसऱ्यांदा दोघे बरोबर उत्तर देतात.

खऱ्या बोलण्यात मात्र असं होत नाही. शेजारी म्हणाले, "उद्या पाणी येणार नाही", आणि सकाळी नळ सुरू झाला, तर खोडलेली शक्यता परत आणायची कुठून? म्हणून शक्यता न खोडता त्यांचा फक्त क्रम (कोणती जास्त पटण्यासारखी, कोणती कमी) बदलायचा, इथवर आलोय. पण बोलणाऱ्यावरचा भरवसा यात कुठे बसवायचा? प्रत्येक वक्त्यासाठी क्रम बदलण्याचा वेगळा नियम, की 'हा खरं बोलतो' हेसुद्धा मॉडेलमधलंच एक विधान? मला दुसरं पटतं, पण त्यात शक्यता भराभर वाढतात.

कुणी चार शक्यतांचं छोटं उदाहरण सोडवून दाखवेल का?